काळ्या गाडीची चमक आणि कारागिराची इमानदारी

लग्नसराई तोंडावर आली किंवा रमजान ईदला आठ-दहा दिवस उरले की जालना शहरातील डेंटिंग-पेंटिंगच्या दुकानांपुढे गाड्यांची रांग लागते. अंबड, भोकरदन, परतूर, मंठा या तालुक्यांतूनही गाड्या येतात. त्यात काळ्या, गडद निळ्या आणि गर्द तपकिरी गाड्यांचा भरणा मोठा असतो. कंत्राटदार असो, मोसंबीचा बागायतदार असो की सळईचा व्यापारी, काळ्या गाडीचा रुबाब प्रत्येकालाच हवा असतो. मालकाची मागणीही ठरलेली असते. "उस्ताद, संध्याकाळपर्यंत आरशासारखी करून द्या."

उस्ताद गाडी आरशासारखी करून देतात. प्रश्न एवढाच आहे की ती चमक किती दिवस टिकते आणि ती देताना गाडीचे काय काय गेले. गाड्यांच्या रंगकामात आमच्या समाजातील बरेच कारागीर आहेत. कित्येक घरांची चूल या एका कसबावर चालते. म्हणूनच हा विषय आम्ही व्यापार-उद्योगाच्या या पानावर घेत आहोत. आमचे म्हणणे थोडक्यात असे की काळ्या गाडीवर खोटे काम लपत नाही, आणि ज्या दुकानातून खोटी चमक विकली जाते त्या दुकानाची रोजी फार काळ टिकत नाही.

काळा रंग काही लपवत नाही

काळ्या गाडीवर ओरखडे जास्त पडतात असा समज आहे. तो बरोबर नाही. पांढऱ्या गाडीवरही तितकेच ओरखडे पडतात, पण पांढरा रंग सगळीकडून प्रकाश परत फेकतो, त्यामुळे बारीक रेघ त्यात हरवून जाते. काळा रंग प्रकाश गिळतो. ओरखड्याच्या कडेवरून उसळलेला प्रकाश तेवढा उरतो आणि काळ्या पृष्ठावर रेघ पांढरी दिसते. भर उन्हात काळ्या बॉनेटकडे पाहिले की सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचे जाळे विणल्यासारखे दिसते, ते याच रेघांचे. चुकीच्या पुसण्याने आणि चुकीच्या धुण्याने ते तयार झालेले असते.

दुसरी गोष्ट उष्णतेची. गिळलेला प्रकाश उष्णता होतो. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळीस अंशांच्या वर जातो, तेव्हा उन्हात उभ्या काळ्या गाडीच्या पत्र्यावर हात टेकवत नाही. तापलेल्या पत्र्यावर पाणी क्षणात वाळते, साबण चिकटतो, पॉलिश सुकून बसते. पाखराच्या विष्ठेत आम्ल असते. तापून मऊ झालेल्या थरात ते मुरते आणि संध्याकाळी पत्रा थंड झाला की डाग कायमचा बसतो. म्हणून काळ्या गाडीचे कोणतेही काम सावलीत आणि थंड पत्र्यावर करावे, हा पहिला नियम आहे. अर्धे नुकसान एवढ्यानेच टळते.

गाड्या बदलल्या, हात बदलला नाही

जुन्या उस्तादांनी हे काम ॲम्बेसेडर, फियाट आणि काळीपिवळी जीपवर शिकले. त्या काळी रंग एकाच जातीचा आणि जाड असे. वरचा थर उन्हाने फिका पडला की रबिंग कंपाउंडने तो घासून काढायचा आणि खालचा ताजा रंग वर आणायचा, ही पद्धत होती. फडक्याला काळा रंग लागला म्हणजे काम होत आहे अशी खूण होती. फिका पडला तर पुन्हा घासा, जास्तच गेला तर हात मारा. त्या गाड्यांवर ते चालून गेले.

त्या गाड्या आता गेल्या. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, ॲम्बेसेडरचे २०१४ साली. मुंबईची पद्मिनी टॅक्सीही ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून हटली. आजच्या गाडीचा रंग थराथरांचा असतो. पत्र्यावर गंजरोधक थर, त्यावर प्रायमर, त्यावर रंग आणि सर्वांत वर पारदर्शक लॅकर. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर हे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतात. त्यातील लॅकर साधारण ३५ ते ५० मायक्रॉन. माणसाच्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉनचा धरला, तर ज्या लॅकरवर गाडीची सगळी चमक उभी आहे ते एका केसाहूनही पातळ आहे.

मशीन आणि कडक कंपाउंड घेऊन एकदा नीट घासले की यातील एक ते तीन मायक्रॉन जातात. त्याआधी दोन हजार नंबरचा पाणीपेपर मारला तर त्याहून अधिक जातात. शिवाय उन्हापासून राखणारे द्रव्य या लॅकरमध्येच असते. वरचा थर जितका खरवडला जाईल तितके खालच्या रंगाचे संरक्षण कमी होते. दर ईदला आणि दर लग्नाला कडक रबिंग झालेली काळी गाडी चार-पाच वर्षांत टपावर आणि बॉनेटवर पांढरी पडू लागते. मग लॅकरचे पापुद्रे निघतात. तेथे पुन्हा पॉलिश मारून काही उपयोग नाही, तो भाग नव्याने रंगवावाच लागतो.

लॅकरच्या गाडीवर काम करताना फडक्याला रंग लागत नाही. लागला तर ती शाबासकीची खूण नसून धोक्याची आहे. एक तर गाडी जुन्या पद्धतीने रंगवलेली आहे, नाही तर लॅकर संपून आपण रंगावर पोहोचलो आहोत. दरवाजाच्या कडा, बॉनेटचे उंचवटे आणि मडगार्डची धार येथे थर सर्वांत पातळ असतो आणि मशीन सर्वांत जास्त खाते. जाणता कारागीर अशा जागी मास्किंग टेप लावतो किंवा तेथे हातानेच काम करतो.

जालन्याची धूळ, लोखंड आणि पाणी

गाडीची निगा कशी राखावी हे गावोगावी थोडे वेगळे असते. आमच्या जिल्ह्यात तीन गोष्टी विशेष आहेत.

पहिली धूळ. कच्चे रस्ते, खडी केंद्रे आणि उन्हाळ्यातील वावटळी यांमुळे गाडीवर रोज थर बसतो. या धुळीत दगडाचे आणि वाळूचे कण असतात, आणि ते लॅकरहून कितीतरी कडक असतात. कोरड्या फडक्याने गाडी पुसणे म्हणजे बारीक पॉलिशपेपरने घासणे होय. आमच्या पाहण्यात काळ्या गाड्यांवरील निम्म्याहून अधिक जाळे सकाळच्या या पुसण्याचे असते. ड्रायव्हर बिचारा मन लावून पुसतो आणि रोज थोडी थोडी गाडी खराब करतो.

दुसरी गोष्ट लोखंडाची. जालना हे सळईचे गाव. भट्ट्या आणि रोलिंग मिल यांमुळे हजारोंना काम मिळाले आहे. पण औद्योगिक वसाहतीच्या आसपास उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे अतिबारीक कण येऊन बसतात. तापलेल्या लॅकरवर ते चिकटतात, दवाने गंजतात आणि रुतून बसतात. पांढऱ्या गाडीवर ते नारिंगी ठिपक्यांनी दिसतात. काळ्यावर दिसत नाहीत, पण हाताला कळतात. धुतलेल्या गाडीवर प्लॅस्टिकची पातळ पिशवी हातात घालून हळू फिरवावी. खरखर लागली तर कण रुतलेले आहेत. ते न काढता बफिंग मशीन लावले की तेच कण मशीनखाली फिरतात आणि पॉलिशच्या नावाखाली नवे ओरखडे पडतात. लोखंड सोडवणारे द्रावण बाजारात मिळते, कणावर पडले की ते जांभळे होते. त्यानंतर क्ले म्हणजे मातीसारखा लगदा भरपूर फेसावर हलकेच फिरवला की पृष्ठ काचेसारखे गुळगुळीत होते. मशीन त्यानंतर.

तिसरी गोष्ट पाण्याची. आमच्याकडे बोअरचे पाणी जड असते. काळ्या पाषाणातून झिरपताना त्यात चुना आणि मॅग्नेशियम उतरते. काळ्या गाडीवर थेंब वाळला की पांढरे वर्तुळ उरते. वर्तुळ ताजे असेल तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तितकेच पाणी घालून ओल्या फडक्याने पुसावे आणि लगेच धुवावे. उन्हात भाजत राहिले तर ते लॅकरला खड्डा पाडते. म्हणून गाडी धुतल्यावर आपोआप वाळू देऊ नये, मऊ मायक्रोफायबर फडक्याने पाणी टिपून घ्यावे.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर आणखी एक सांगावेसे वाटते. २०१२-१३ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात मोसंबीच्या बागा उभ्या वाळल्या आणि माणसे टँकरची वाट पाहत बसली. ज्या गावात जमशेदखानाने मोती तलाव बांधला त्या गावाला पाण्याची किंमत नव्याने सांगण्याची गरज नसावी. वुजू करताना, मग ते वाहत्या नदीकाठी का असेना, पाणी वाया घालवू नये अशी आपल्याला शिकवण आहे. पाइप सोडून अर्धा तास गाडी धुणे आम्हाला शोभत नाही. दोन बादल्या पुरतात. एकीत शाम्पूचे पाणी, दुसरीत साधे. हातमोजा दर वेळी साध्या पाण्यात खळखळून मगच शाम्पूत बुडवावा. टपापासून खाली यावे, चाके शेवटी घ्यावीत. धुण्याची पावडर वापरू नये, ती मेण उतरवते आणि रबर खराब करते.

खोटी चमक कशी विकली जाते

आता मुद्द्याकडे येऊ. काही वर्षांपूर्वी आमच्या नात्यातील एका घरी निकाह होता. वराची गाडी काळी. एका दुकानातून सकाळी देऊन संध्याकाळी परत आणली. गाडी अशी झाली होती की तिच्यात पाहून दाढी करावी. वलीमा झाला, पाहुणे गेले, पहिला पाऊस पडला आणि चमक पाण्याबरोबर वाहून गेली. खाली जुने जाळे होतेच, वर मशीनचे पंख्यासारखे पट्टे उमटले होते. बॉनेटच्या उंचवट्यावर बोटभर जागा पांढुरकी झाली होती. आम्ही दुकानावर गेलो. "साहेब, काळ्या गाडीचे असेच असते," हे उत्तर मिळाले.

असेच नसते. झाले काय होते ते नंतर एका जुन्या कारागिराने समजावून दिले. कडक कंपाउंड, लोकरी पॅड आणि मशीन पूर्ण वेगात. त्यातून नवे पट्टे पडले. ते बारीक पॉलिशने काढण्याऐवजी तेलकट ग्लेझ भरून बुजवले. काही जण त्याजागी रॉकेल किंवा डिझेलचे फडके मारतात. तेल ओरखड्यात भरले की प्रकाश उसळत नाही आणि गाडी नवी दिसते. तेल उतरले की सगळे उघडे पडते. तेलावर धूळ चिकटते ती वेगळीच.

हे वाचताना आमच्या वाचकांना धान्याच्या ढिगाचा तो प्रसंग आठवेल. हजरत मुहम्मद (स.) बाजारातून जात असता एका व्यापाऱ्याच्या ढिगात त्यांनी हात घातला, तो आत ओल लागली. पावसाने भिजले, असे व्यापारी म्हणाला. मग भिजलेले वर का ठेवले नाही, लोकांना दिसले असते, असे त्यांनी विचारले आणि फसवणाऱ्याला आपल्यात जागा नसल्याचे बजावले. ढीग धान्याचा असो की गाडीचा पत्रा, ओल आत दडवून कोरडे वर दाखवणे एकच आहे. ग्लेझ वापरणे गुन्हा नाही. ग्राहकाला सांगून वापरले, "उद्याच्या लग्नापुरते चालेल, ओरखडे गेलेले नाहीत," असे म्हटले आणि तितकाच दाम घेतला तर तो चोख व्यवहार आहे. ग्लेझ मारून पूर्ण पॉलिशचे पैसे घेणे हा मात्र मापात मारण्याचा प्रकार आहे.

चोख काम कसे असते

चोख कामाला वेळ लागतो. आधी धुणे, मग लोखंड आणि क्ले, मग एका कोपऱ्यात हातभर जागेवर चाचणी. चाचणी नेहमी सर्वांत मऊ पॅड आणि सर्वांत सौम्य पॉलिशने सुरू करावी. त्याने भागले तर कडक कंपाउंडला हात लावू नये. मशीन सावकाश फिरवावे, पत्रा कोमट झाला की थांबावे. मशीन गोल फिरता फिरता हलणारे, म्हणजे ड्युअल ॲक्शन असेल तर नव्या हातालाही पट्टे पडण्याची भीती कमी. काम झाल्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये पाणी मिसळून ती जागा पुसावी. तेल उतरते आणि खरे पृष्ठ दिसते. मग ग्राहकाला बोलावून एका दिव्याखाली दाखवावे. ज्याने हे दाखवले त्याला दुसरी जाहिरात लागत नाही.

खोल ओरखडा, ज्यात नख अडकते, तो पॉलिशने जात नाही. तो काढण्याच्या हट्टाने लॅकर संपवण्यापेक्षा राहू द्यावा आणि तसे सांगावे. थराची जाडी मोजणारे यंत्र आता काही हजार रुपयांत मिळते. एका दुकानाला जड वाटत असेल तर एकाच गल्लीतील चार-पाच दुकानदारांनी मिळून घ्यावे. मोजमाप करून काम करणारा कारागीर आणि अंदाजे घासणारा यांतला फरक ग्राहक लगेच ओळखतो. जाडी फारच जास्त भरली तर तेथे लांबी भरून पुन्हा रंगवलेले आहे हेही कळते, आणि जुनी गाडी घेणाऱ्याला ही माहिती मोलाची असते.

शेवटी संरक्षण. कार्नोबा मेण ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळते. काळ्या रंगावर त्याची झाक सुंदर येते, पण आमच्या उन्हात ते फार तर दोन-तीन महिने टिकते. कृत्रिम सीलंट त्याहून अधिक टिकते. सध्या सिरॅमिक कोटिंगचा बोलबाला आहे. ते वाईट नाही. सिलिकावर आधारलेला तो पातळ, कडक थर आहे, पाणी आणि धूळ त्यावर कमी ठरते, धुणे सोपे होते. पण "आता दगड लागला तरी ओरखडा पडणार नाही" असे सांगून कोणी हजारो रुपये घेत असेल तर सावध असावे. जाहिरातीत जो नऊ एचचा आकडा असतो तो पेन्सिलच्या टोकाने घेतलेल्या चाचणीचा आहे, हिऱ्याच्या कठीणपणाशी त्याचा संबंध नाही. कोटिंगखाली राहिलेले जाळेही तसेच राहते, उलट कोंडले जाते. म्हणून आधी पॉलिश, मग कोटिंग.

ग्राहकाचाही वाटा आहे

दोष सगळा कारागिराचा आहे असे आम्ही म्हणत नाही. ग्राहक दोन दिवसांचे काम दोन तासांत मागतो, भावात निम्मे करतो आणि मग चमक टिकली नाही म्हणून ओरडतो. दोन तासांच्या पैशात दोन तासांचेच काम मिळणार. काळी गाडी घेणाऱ्याने दर महिन्याला थोडी निगा आणि वर्षा-दोन वर्षांत एकदाच पॉलिश, असा हिशेब ठेवावा. गाडी सावलीत लावावी, कोरडे फडके बंद करावे, पाखराची घाण दिसताच ओल्या फडक्याने भिजवून उचलावी. एवढ्याने रबिंगचा खर्च निम्म्यावर येतो आणि लॅकरही वाचते.

रिक्षा आणि काळीपिवळीच्या मालकांनी महागड्या कोटिंगच्या मागे लागू नये. त्यांना साधा शाम्पू, दोन बादल्या आणि तीन महिन्यांतून एकदा हाताने मेण इतके पुरे.

बिल द्या, शागिर्द घडवा

समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जालना त्या मार्गावर आले. छत्रपती संभाजीनगर आधीच तासाभरावर होते. काचेच्या खोल्या आणि पांढरे दिवे लावलेली दुकाने तेथे आहेत. आपल्या गावचा ग्राहक आता तिकडे जातो आणि चौपट पैसे देऊन येतो. तेथील हात आपल्या उस्तादांच्या हातापेक्षा सरस असतो असे नाही. तेथे त्याला काम आधी समजावून सांगतात, किती वेळ लागेल ते सांगतात आणि हातात बिल देतात. एवढा विश्वास आपण आपल्या टपरीतही देऊ शकतो, त्याला वातानुकूलित खोली लागत नाही.

वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असलेल्या सेवा देणाऱ्या दुकानदाराला साधारणपणे जीएसटी नोंदणी सक्तीची नाही. अशा दुकानदाराने कर आकारू नये, पण साधे बिल जरूर द्यावे. त्यावर चार ओळी असाव्यात. कोणते काम केले, कोणते केले नाही, कोणता माल वापरला आणि चमक किती दिवस धरावी. एका वहीत गाडीचा क्रमांक आणि तारीख टिपून ठेवावी, म्हणजे तीच एमएच २१ ची काळी गाडी वर्षाने आली की मागच्या वेळी किती घासले होते ते कळेल.

शागिर्दांविषयी एक शब्द. दुकानात आलेल्या पोराच्या हाती पहिल्याच दिवशी कंपाउंड आणि मशीन देऊ नये. भंगारातल्या बॉनेटवर त्याचा हात बसू द्यावा. कडा कोठे जळते, पत्रा किती तापला की थांबायचे, हे त्याने तेथे शिकावे. ग्राहकाच्या गाडीवर शिकवलेले कसब ग्राहकाच्या खर्चाने शिकवलेले असते, आणि तोही हक्क बुडवणेच आहे. उस्तादाने शागिर्दाला मशीन धरायला शिकवावे आणि त्याबरोबर ग्राहकाला खरे सांगायलाही शिकवावे.

वाचक बंधूंनो, आमच्या कारागिरांकडे भांडवल थोडे आहे. हात आणि जबान हीच त्यांची पुंजी. हात किती बसला आहे हे काळी गाडी उन्हात दाखवून देते आणि जबान किती खरी होती हे पहिला पाऊस. या दोन्ही परीक्षांत उतरणारे एक दुकान गल्लीत असले तरी लोक अंबड-मंठ्याहून वाट वाकडी करून येतात. बरकत त्यातच आहे.